बारावीनंतर दहा वर्षांनी पुन्हा नीट

पत्र: "मी २८ वर्षांची, कळव्यात राहते. २०१५ला बारावी सायन्स, पीसीबीत (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ६१ टक्के. त्या वर्षी सीईटीत थोडक्यात राहिलं. २०१६ला पुन्हा तयारी केली, पण सीईटी की नीट या गोंधळात ते वर्षही गेलं. वडील आजारी पडले, म्हणून डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून नोकरी धरली. वाशीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी आठ ते चार ड्युटी असते. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. नवऱ्याचा पाठिंबा आहे, सासूबाई बोलत नाहीत पण त्यांना पटलेलं नाही हे कळतं. आम्ही ओबीसी. साडेतीन लाख साठवलेत. ठाण्यातला एक क्लास रिपीटर बॅचचे १ लाख ८० हजार सांगतोय, म्हणतो नोकरी सोडा आणि सीटचं आमच्यावर सोपवा. या वयात मला एमबीबीएससाठी पुन्हा नीटला बसता येतं का? गॅपचं काय दाखवायचं? नोकरी आत्ताच सोडू का?"

उत्तर:

बसता येतं. नीटला २५ वर्षांची कमाल मर्यादा घातली गेली होती, ती राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मार्च २०२२मध्ये काढून टाकली. आता प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण असावीत एवढीच वयाची अट आहे. कितीदा बसायचं यालाही बंधन नाही. बारावीच्या पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के आणि ओबीसीला ४० टक्के लागतात. तुमचे ६१ आहेत, म्हणजे तो विषय संपला. हे ६१ पुढे मेरिटमध्ये धरले जात नाहीत, फक्त पात्रतेसाठी लागतात. २०१७पासून महाराष्ट्रातही एमबीबीएसचा प्रवेश पूर्णपणे नीटच्या गुणांवरच होतो.

गॅपची भीती तुम्ही मनात फार मोठी करून ठेवली आहे. प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट म्हणून जे मागतात ते साधं प्रतिज्ञापत्र असतं. शिक्षण कधी थांबलं, त्या काळात काय केलं, दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला नाही, एवढं लिहून नोटरीसमोर सही करायची. तुमची गॅप बारावीपासून सलग दहा वर्षांची नाही. मोठी गॅप डीएमएलटी संपल्याच्या तारखेपासून सुरू होते, त्यामुळे डीएमएलटीची गुणपत्रिका आणि लॅबचं अनुभवाचं पत्र सोबत ठेवा. अनुभवाचे जास्तीचे गुण कुणी देत नाही, पण प्रतिज्ञापत्रातल्या तारखा आणि कागदांवरच्या तारखा जुळल्या की तपासणीच्या टेबलावर प्रश्न येत नाही. प्रतिज्ञापत्र आत्ता करू नका. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नमुना दिलेला असतो, तो बघूनच करा.

खरी अडचण नावात येते. नीटचा फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरायचा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल तर दोन्ही जुळत नाहीत आणि गाडी तिथेच अडते. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि जातीचे दाखले एकदा टेबलावर शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा, स्पेलिंगसकट. फरक असेल तर फॉर्म सुटण्याच्या आत आधार दुरुस्त करून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या. शाळा सोडल्याचा मूळ दाखला बहुधा डीएमएलटीच्या कॉलेजात जमा असेल, तो परत आणायला लागा. दहावी-बारावीचं मूळ प्रमाणपत्र हरवलं असेल तर दुय्यम प्रत बोर्डाच्या मुंबई विभागीय कार्यालयातून मिळते. ते वाशीतच आहे, तुमच्या कामाच्या गावात. डिजीलॉकरवरची प्रत फॉर्म भरायला चालते, प्रवेशाला मूळ कागदच लागतो. फॉर्ममध्ये पात्रता निवडताना बारावी उत्तीर्णचा पर्याय घ्या. नंतर काही शिकलेले लोक बी.एस्सी.चा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाचा पर्याय टिचकवून मोकळे होतात, ते चूक आहे.

ओबीसीच्या कागदांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ते आत्ताच सुरू करा. जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर असे तीन कागद राज्याच्या कोट्यासाठी हवेत. नॉन-क्रिमीलेयर ज्या शैक्षणिक वर्षाचा प्रवेश आहे त्याच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. पडताळणी झालेली नसेल तर वडिलांची, भावाची किंवा चुलत घराण्यात कुणाची झाली आहे का ते विचारा. रक्ताच्या नात्यातलं एक वैधता प्रमाणपत्र जोडलं तर काम पुष्कळ हलकं होतं. अधिवास प्रमाणपत्रही काढून ठेवा. तुमची दहावी-बारावी महाराष्ट्रातली असल्याने राज्याच्या ८५ टक्के जागांवर तुमचा हक्क आहे.

कागद म्हणजे चार महिने चिकाटीने धावपळ. अभ्यासाचं तसं नाही, आणि या पत्रात तुम्ही अभ्यासाबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. म्हणून तिकडे वळतो.

२०२५पासून नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. आधी काही प्रश्न सोडून द्यायची मुभा होती, ती गेली. बरोबरला ४, चुकीला वजा १. कॅल्क्युलेटर नाही. इतकी वर्षं लॅबमध्ये मशीनच्या पडद्यावरचे आकडे वाचणाऱ्या हाताला नेमकं हेच जड जातं. एक साधं गणित घ्या: ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? २ गुणिले १० चा उणे तिसरा घात, लॉग २ म्हणजे ०.३०, म्हणून ३ उणे ०.३०, उत्तर २.७०. बारावीतली मुलगी हे वीस सेकंदांत करते. तुम्हाला आज दीड मिनिट लागलं तर तुम्ही कमी हुशार आहात असं नाही, सराव गेलाय एवढंच. लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१, साइन-कोसाइनचे नेहमीचे कोन, वर्गमुळं आणि दहाचे घात यांना पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास द्या. हे पक्कं नसताना फिजिक्स उघडलं की संकल्पना समजते पण उत्तर येत नाही, आणि माणूस 'मला आता जमत नाही' म्हणून पुस्तक मिटतो. लांब गॅपनंतर परतणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच रुळावरून उतरते.

जुन्या नोट्स बाहेर काढू नका. २०२४च्या नीटपासून अभ्यासक्रम बदलला. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, एस-ब्लॉक, धातू मिळवण्याच्या पद्धती गेल्या. बायोलॉजीतून पचनसंस्था, वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण, पर्यावरणाचे प्रश्न गेले. उलट प्रयोगशाळेतल्या प्रयोगांवरचे प्रश्न फिजिक्स-केमिस्ट्रीत आले आणि माल्व्हेसी, कम्पॉझिटीसारखी वनस्पतींची कुळं यादीत आहेत. एनसीईआरटीची नवी पुस्तकं घ्या आणि आयोगाची अभ्यासक्रमाची यादी छापून भिंतीवर लावा. दोन्हींत फरक पडला तर यादी खरी मानायची. नव्या पुस्तकांत अकरावी-बारावी मिळून बायोलॉजीचे ३२, केमिस्ट्रीचे १९, फिजिक्सचे २८, असे ७९ धडे आहेत.

बायोलॉजीत तुमची बाजू मजबूत आहे असं तुम्हाला वाटेल, आणि ते अर्धंच खरं आहे. तुमच्या लॅबच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशींची रेंज ४,००० ते ११,००० छापलेली असते. एनसीईआरटीत ती ६,००० ते ८,००० आहे. प्लेटलेट्स तुमच्याकडे साधारण दीड ते साडेचार लाख, पुस्तकात दीड ते साडेतीन लाख. इओसिनोफिल पुस्तकात २ ते ३ टक्के. परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर बरोबर. रक्त, रक्तगट, मूत्र, हार्मोन्स हे धडे 'मला येतंच' म्हणून वरवर चाळू नका. उलट पेन्सिल घेऊन जिथे जिथे पुस्तकातला आकडा तुमच्या रिपोर्टपेक्षा वेगळा आहे तिथे खूण करा. अशी पंधरा-वीस ठिकाणं निघतील. इतक्या वर्षांची सवय परीक्षेत तुमच्याविरुद्ध जाऊ शकेल अशी जागा मुख्यतः हीच.

आता वेळेचा हिशेब. कळवा, ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने वाशी, म्हणजे पावणेसातला घर सोडावं लागत असेल. पहाटे पाच ते सव्वासहा फिजिक्सची गणितं, रोज, डोकं ताजं असताना. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ केमिस्ट्री आणि त्या दिवशीच्या धड्यावरचे प्रश्न. रविवारी सहा तास. आठवड्याचे साधारण पंचवीस तास होतात. ट्रेनमधला अर्धा तास यात धरलेला नाही. त्यात फक्त बायोलॉजीचं पुस्तक वाचा. ऐरोलीपासून कोपरखैरणेपर्यंत दोन पानं, पण ओळ न् ओळ. गर्दीत उभं राहून गणितं सोडवायचा हट्ट धरू नका. सुरुवात फिजिक्समध्ये एककं, व्हेक्टर आणि गतीपासून करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रोटेशन मागे ठेवा, त्याआधी करंट इलेक्ट्रिसिटी, मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर उरकून घ्या. कमी वेळात गुण देणारे धडे आहेत. केमिस्ट्रीत मोल कन्सेप्ट पहिला. ऑर्गॅनिकच्या अभिक्रिया पाठ करण्याआधी त्यांची बेसिक तत्त्वं, नाहीतर दोन आठवड्यांत सगळं विसरतं.

तीस आठवडे गुणिले पंचवीस तास म्हणजे साडेसातशे तास, आणि धडे ७९. एका धड्याला साडेनऊ तास येतात, त्यातच उजळणी आणि सराव. हे शक्य आहे पण ओढाताणीचं आहे. म्हणून आमचं स्पष्ट मत: येत्या मेची परीक्षा पूर्ण ताकदीने द्या, पण घरात बोलताना दोन प्रयत्नांची मुदत मागा. एकाच वर्षात सीट आणून दाखवते असं कबूल केलंत, तर पहिल्या निकालानंतर दुसरा प्रयत्न मागायला तोंड उरत नाही.

नोकरी आज सोडू नका. आधी बारा आठवडे नोकरी सांभाळून करा, मग झालेल्या धड्यांवर परीक्षा घ्या. बायोलॉजीत दोन तृतीयांश गुण आणि फिजिक्समध्ये एक तृतीयांश पडत असतील, तर जानेवारीपासून बिनपगारी रजा मागा किंवा नोकरी सोडा. शेवटचे चार महिने पूर्ण वेळ मिळणं हे पहिले चार महिने मिळण्यापेक्षा कितीतरी मोलाचं, कारण पूर्ण पेपर सोडवायचे ते तेव्हाच. फिजिक्स हललंच नसेल तर नोकरीत राहून मुदत पुढच्या वर्षावर न्या. सगळं आधी सोडून बसलं की दर महिन्याला खात्यातली रक्कम घटताना दिसते आणि अभ्यासातलं लक्ष तिकडे जातं.

'सीटचं आमच्यावर सोपवा' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सीट नीटच्या गुणांवर आणि सरकारी फेऱ्यांतून मिळते, त्यात क्लासच्या हातात काही नसतं. शिवाय रिपीटर बॅच मे महिन्यात बारावी झालेल्या मुलांच्या वेगाने चालते. अकरावीची गणितं त्यांना कालची असतात, तुम्हाला दहा वर्षांपूर्वीची. तुमचा खर्च असा असावा: एनसीईआरटीचे संच, मागच्या दहा वर्षांचे पेपर, एका चांगल्या संस्थेची फक्त टेस्ट सिरीज, आणि फिजिक्ससाठी आठवड्यातून दोनदा समोर बसवून शिकवणारा एक शिक्षक. हे सगळं मिळून क्लासच्या फीच्या निम्म्याच्या आत बसावं. घरात शांतता मिळत नसेल तर एखादी अभ्यासिका लावा. उरलेले पैसे रजेच्या चार महिन्यांसाठी बाजूला.

पूर्ण पेपर सोडवताना बायोलॉजी ५० मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ७०, आणि दहा मिनिटं राखीव, असा बेत धरा. उत्तरपत्रिकेवरचे (ओएमआर) गोळे शेवटी एकदम भरायचे नाहीत, प्रत्येक पानानंतर भरायचे. शेवटच्या दहा मिनिटांत घाईने भरताना एक ओळ सरकली की पुढचे सगळे चुकतात. अंदाजाबद्दलही क्लासवाले सरसकट 'नको' म्हणतात ते आम्हाला पटत नाही. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं तर उरलेल्या दोनातून एक लावा. असे चार प्रश्न लावलेत आणि दोन बरोबर आले तर ८ मिळतात, २ जातात, हाती ६ राहतात. काहीच कळत नसेल तर मात्र पुढे जा, तो वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्या. पेपर मराठीतूनही मिळतो, इंग्रजी सोबत असतं आणि मजकुरात शंका आली तर इंग्रजी ग्राह्य धरतात. तुमची बारावी इंग्रजीतून झाली असेल तर इंग्रजीच ठेवा, मॉक पेपर त्यातले सहज मिळतात.

किती गुण लागतील हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. गुणांकडे बघू नका, रँककडे बघा. २०२४ला पहिल्या क्रमांकाला पूर्ण ७२० होते, २०२५ला ६८६. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२वरून १४४वर आली. मागच्या वर्षीच्या गुणांचा आकडा त्यामुळे काहीच सांगत नाही. राज्याच्या सीईटी सेलच्या मागच्या प्रवेश फेऱ्यांच्या याद्या उघडा, ओबीसी गटात शेवटची सीट कोणत्या रँकला गेली ते कॉलेजवार लिहून काढा. पात्र होणं आणि सीट मिळणं यात खूप अंतर आहे, १४४ गुणांवर सरकारी एमबीबीएस मिळत नाही.

तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडून ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४पासून अंबरनाथलाही सरकारी कॉलेज सुरू झालं. यादीत ही दोन्ही ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३०ची प्रादेशिक वाटणी (७० टक्के जागा त्या विभागातल्यांना) २०२०मध्ये रद्द झाली, त्यामुळे तुमचा हक्क आता राज्यभर सारखा आहे. नांदेड किंवा गोंदिया मिळालं तर जाणार का, हे नवऱ्याशी आजच बोलून घ्या. पर्याय भरायच्या रात्री त्यावर वाद होऊ नये. नेरूळ आणि कामोठ्याची अभिमत विद्यापीठं जवळ असली तरी त्यांची फी वर्षाला वीस लाखांच्या वर जाते, आणि त्यांच्या फेरीत उतरायलाच दोन लाखांची अनामत लागते. साडेतीन लाखांच्या शिलकीवर तिकडे बघू नका.

फीबद्दल एक चांगली बातमी आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार जुलै २०२४च्या निर्णयानुसार पूर्ण भरतं. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला ते लागू नाही. मेस, वसतिगृह, पुस्तकं हा खर्च तुमचाच. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.

सासूबाईंशी बोलताना 'मला डॉक्टर व्हायचंय' यापेक्षा वर्षं आणि रुपये समोर मांडा. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजातून शिकलात तर एक वर्ष सक्तीची सेवा, ती टाळली तर १० लाख भरावे लागतात. तिशीला प्रवेश झाला तर सगळं होईपर्यंत तुम्ही ३६-३७च्या असाल, आणि मधली साडेचार वर्षं पगार नसेल. मूल हवं असेल तर तोही विचार यातच करा: थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, पहिलं वर्ष चार प्रयत्नांत सुटावं लागतं आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. पहिल्या वर्षात शरीररचनेचं डिसेक्शन चुकवून चालत नाही, नंतरच्या वर्षांत थोडी जागा असते. सासूबाईंचा गप्पपणा विरोधच असेल असं धरून चालू नका. 'संसार थांबणार का' एवढीच त्यांची काळजी असू शकते, आणि तिचं उत्तर आकड्यांतच देता येतं.

याच नीटवर बीएएमएस आणि बीएचएमएसही मिळतं. ते नको असेल तर आत्ताच नको म्हणा, पण शेवटच्या फेरीत हताश होऊन घेऊ नका. परदेशात एमबीबीएसचं आमिष दाखवणारे एजंट भेटतील. तिथेही नीट पात्रता लागतेच, किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत वर्षाची इंटर्नशिप लागते, परत येऊन इथली परीक्षा आणि पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. तुमच्या परिस्थितीत हा रस्ता आम्ही सुचवणार नाही.

आता या रविवारी एक करा. २०२५चा नीटचा पेपर छापून घ्या, सोबत कोरी ओएमआर शीट आणि काळं बॉलपेन. दुपारी बरोबर दोनला बसा, पाचला उठा, मधे फोन दुसऱ्या खोलीत. काहीही न वाचता. बायोलॉजीत दीडशेच्या आसपास आणि फिजिक्समध्ये शून्याजवळ पडले तरी तो पेपर फाडू नका. तिन्ही विषयांचे गुण वेगळे, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे 'विसरले', 'कधी शिकलेच नाही' की 'गणितात चुकले' असं एका शब्दात लिहा. तिसऱ्या प्रकारच्या चुका जास्त निघाल्या तर पहिले दोन आठवडे रोजच्या त्या अर्ध्या तासाचा एक तास करा.